एका पानात आपला माल: खरेदीदार शेवटपर्यंत वाचेल असं माहितीपत्रक

छोट्या उद्योगाकडे छापील म्हणावं असं सहसा दोनच प्रकारचं असतं: खिशातलं व्हिजिटिंग कार्ड आणि कुठल्याशा प्रदर्शनासाठी हौसेनं केलेला गुळगुळीत कॅटलॉग. कार्डावरून काही कळत नाही आणि कॅटलॉग उघडून बघायला खरेदीदाराला सवड नसते. त्यामुळे समोरून 'जरा माहिती पाठवा' असं आलं की मालक व्हॉट्सअ‍ॅपवर सात फोटो, दोन व्हिडिओ आणि एक लांबलचक मेसेज टाकतो. समोरचा अंगठा दाखवतो आणि विषय तिथेच राहतो.

या ठिकाणी लागतं एक पान. ए-फोर, एकाच बाजूला मजकूर. ते वाचून समोरच्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: हा माल माझ्या कामाचा आहे का, आणि असेल तर आता मी काय करायचं. तुमच्या धंद्याचा इतिहास, तुमची जिद्द, कारखान्याच्या उद्घाटनाचा फोटो हे सगळं खरं असलं तरी त्या दोन प्रश्नांचं उत्तर नव्हे.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण धरून चालू. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या आसपास काजूवर प्रक्रिया करणारा एक छोटा कारखाना समजा. तो काजू बी विकत घेतो, वाफवतो, फोडतो, गर वाळवतो, सोलतो, प्रतवारी करतो आणि पॅक करून विकतो. तुम्ही पंप बनवत असाल, शाळांसाठी सॉफ्टवेअर करत असाल किंवा पापड लाटत असाल, तरी पायऱ्या याच. फक्त काजूच्या जागी तुमचा माल घाला.

आधी वाचणारा ठरवा, आणि एकच ठरवा

पान बिघडतं ते इथेच. मालकाला वाटतं, एवढे पैसे घालून छापतोय तर सगळ्यांना चालेल असं करू. पण या एकाच काजूचे खरेदीदार किती वेगळे आहेत बघा.

दिवाळीला कर्मचाऱ्यांना भेटीचे डबे देणारी कंपनी अख्खा, मोठा गर मागते. काजूच्या प्रतवारीत 'डब्ल्यू' म्हणजे अख्खा पांढरा गर, आणि पुढचा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. डब्ल्यू १८० हा सगळ्यात मोठ्या दाण्यांपैकी, डब्ल्यू ३२० बाजारात सर्रास चालणारा. २५० ग्रॅमच्या डब्यात १८० चे शंभराच्या आत गर बसतात, ३२० चे १६५ ते १७५. डबा उघडल्यावर दाणा डोळ्यांत भरला पाहिजे, एवढंच त्या कंपनीच्या खरेदी विभागाला हवं असतं.

किराणा दुकानदार बघतो २५० ग्रॅमची पिशवी किती दिवस टिकते, तिच्यावर एमआरपी काय आणि त्याला सुटतात किती. हॉटेलवाल्याला ग्रेव्हीत वाटायला तुकडा लागतो, त्याला अख्ख्या गराचं काहीच कौतुक नाही. मिठाईवाल्यालाही काजूकतलीसाठी पाकळी (उभा दुभंगलेला अर्धा गर) किंवा तुकडाच लागतो, पण त्याची तऱ्हा आणखी निराळी: गरावर लाल साल चिकटून राहिली असेल तर ती कतलीत ठिपक्यासारखी दिसते, आणि गर भाजणीत करपलेला असेल तर कतलीचा रंग मळकट येतो.

या चौघांना एक पान पुरणार नाही. चौघांसाठी मिळून केलेल्या पानावर 'सर्व प्रकारचे उत्कृष्ट प्रतीचे काजू योग्य दरात मिळतील' एवढंच लिहिता येतं, आणि ते वाक्य वाशीच्या मसाला मार्केटमधल्या कुठल्याही गाळ्यावर लावता येईल. म्हणून एक खरेदीदार निवडा. कोणता? ज्याच्या हातून पैसे वेळेवर येतात आणि ज्याला तुमच्या मालातलं चांगलंपण खरोखर उपयोगी पडतं तो. आपण मिठाईवाला धरू. बाकीच्यांसाठी पुढे वेगळी पानं करता येतात. पहिलं नीट झालं की दुसऱ्याला एक दुपार पुरते.

लिहायला बसण्याआधी फोन उचला

पानावरचे शब्द तुमच्या डोक्यातून यायला नकोत, गिऱ्हाइकाच्या तोंडून यायला हवेत. आज जे मिठाईवाले तुमच्याकडून माल घेतात त्यांतल्या तीन-चार जणांशी बोला. 'आमची सर्व्हिस कशी वाटते' असं विचारू नका, त्याला 'चांगली आहे की' एवढंच उत्तर येतं. विचारा: आमच्याकडे यायच्या आधी माल कुठून घेत होता आणि तिथे कटकट काय होती? उद्या आमचा माल आलाच नाही तर नेमकं काय अडेल? काजू आल्यापासून तो वाटणात जाईपर्यंत तुमच्याकडे त्याचं काय काय होतं?

शेवटचा प्रश्न फार कामाचा. त्याच्या उत्तरात कळतं की दुकानात दोन माणसं सकाळी काजू निवडत बसतात, साल राहिलेले तुकडे बाजूला काढतात, कधी खवट वास आला तर अख्खं पाकीट परत बांधून ठेवतात. गिऱ्हाईक ज्याला 'निवडणं' म्हणतं त्याला तुम्ही पानावर 'गुणवत्ता नियंत्रण' म्हणू नका. निवडणंच म्हणा. आणि बोलताना लिहून घ्या, मागाहून आठवून लिहिलेलं वाक्य आपोआप गुळगुळीत होतं.

गिऱ्हाईक तक्रार करेल तीही लिहा. 'माल चांगला, पण गणपतीत मिळत नाही' असं दोघांनी सांगितलं तर पानावर काय लिहायचं यापेक्षा कारखान्यात काय बदलायचं हा प्रश्न आधी आला. तो न सोडवता छापलेलं पान नुसती फजिती करतं.

चांगलंपण रुपयांत मांडा

'आमचा काजू स्वच्छ सोललेला असतो' हे झालं मालाचं वर्णन. त्याचं मिठाईवाल्याला काय? इथे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा लागतो, आणि बहुतेक जण तो करतच नाहीत.

समजा एका मध्यम दुकानाला रोज २० किलो तुकडा लागतो आणि तो निवडायला एका माणसाचे दोन तास जातात. महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले तर ५०० किलो काजू आणि निवडणीचे ५० तास. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर ३,००० रुपये, म्हणजे किलोमागे ६ रुपये. तुमचा माल निवडावा लागत नसेल तर बाजारापेक्षा किलोला ५ रुपये जास्त लावूनही तुम्ही त्याला महाग नाही. शिवाय सणाच्या गर्दीत निवडणारा माणूस काउंटरला मोकळा मिळतो, ज्याचा हिशेब तो स्वतःच करेल.

हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत. तुमच्या पानावर तुमच्या गिऱ्हाइकाकडून आलेले आकडे हवेत, आणि ते कुठून आले हे विचारल्यावर सांगता यायला हवं. हिशेब पूर्णच्या पूर्ण छापायची गरज नसते. 'निवडणीचे किलोमागे साधारण ६ रुपये वाचतात' एवढी ओळ पुरते. पण तो तुमच्या खिशात तयार हवा, कारण चांगला खरेदीदार पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

प्रत्येक गुण रुपयांत बसत नाही. काही वेळेत बसतात, काही धास्तीत. दिवाळीच्या आठवड्यात माल संपेल ही मिठाईवाल्याची धास्ती मोठी असते. ती घालवणारी ओळ दरापेक्षा वजनदार ठरते.

आता पान लिहा

वरची ओळ सगळ्यात मोठी. तिथे कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात टाकायचा मोह होतो, तो टाळा. नाव आणि लोगो कोपऱ्यात लहान चालतो. वरच्या ओळीत माल कोणता, कोणासाठी आणि त्यात वेगळं काय, हे आलं पाहिजे. अशी ओळ बहुधा पाच-सहा वेळा खोडल्यावर जमते. 'कोकणचा अस्सल काजू' ही ओळ कानाला बरी लागते पण कोणालाही लागू पडते. 'मिठाई व्यावसायिकांसाठी दर्जेदार काजू' हीही तशीच. आपल्या कारखान्याचं पान असं उतरेल:

> कतलीसाठी पांढरा काजू तुकडा. निवडत बसायची गरज नाही.
>
> वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या कारखान्यात फोडलेला, सोललेला आणि हातानं निवडलेला. १० किलोच्या व्हॅक्यूम पॅकमध्ये पुणे, कोल्हापूर आणि मुंबईत पोच.
>
> साल राहत नाही. प्रत्येक लॉटमधून १ किलो नमुना काढून साल राहिलेले तुकडे वजन करतो. १० ग्रॅमच्या वर गेले तर अख्खा लॉट पुन्हा सोलणीला जातो. निवडणीचे किलोमागे साधारण ६ रुपये वाचतात.
>
> खवट निघाला तर परत. ओलावा ५ टक्क्यांच्या आत. पाकिटावर लॉट नंबर आणि पॅकिंगची तारीख. तक्रार असेल तर त्या लॉटचं न उघडलेलं पाकीटही परत घेतो.
>
> सणाचा माल राखून ठेवतो. १५ ऑगस्टपर्यंत गणपती ते दिवाळीचा अंदाज कळवा, तेवढा माल तुमच्या नावानं बाजूला काढतो.
>
> पाकळी: कतली, सजावट। मोठा तुकडा: कतली, रोल। बारीक तुकडा: वाटण, बर्फी
>
> किमान ऑर्डर ५० किलो। गाडीभाडं आमच्याकडे। नव्या ग्राहकाला पहिल्या ऑर्डरीचे पैसे आगाऊ
>
> २ किलो नमुना मागवा आणि एक घाणा कतली करून बघा. फोन / व्हॉट्सअ‍ॅप नंबर, सकाळी १० ते संध्याकाळी ६, कोणाशी बोलायचं त्याचं नाव

एवढंच (परवान्याचा क्रमांक आणि महिना-वर्ष तळाशी, त्याबद्दल पुढे). दीडशे शब्दांच्या आसपास. यात तीन मुद्दे आहेत, आणि चौथा घालावासा वाटला तर आधीच्यांपैकी कोणता काढता हे ठरवूनच घाला. 'खवट निघाला तर परत' यासारखी ओळ तर तेव्हाच लिहा जेव्हा सेल्समनपासून अकाउंटवाल्यापर्यंत सगळ्यांना ती माहीत आहे आणि पाळायची आहे.

शेवटची ओळ बघा. 'अधिक माहितीसाठी संपर्क साधा' हे वाक्य इतक्या ठिकाणी असतं की डोळा त्यावरून घसरतो. त्याऐवजी खरेदीदाराला सोपी, कमी जोखमीची एक कृती सांगा. मिठाईवाला बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, घाण्यावर ठेवतो. म्हणून नमुना एका घाण्याला पुरेल एवढा. सॉफ्टवेअर विकत असाल तर 'तुमच्याच शाळेची एका वर्गाची हजेरी भरून दाखवतो' असं सांगा. मशीन विकत असाल तर 'तुमचा कच्चा माल घेऊन या, चालवून दाखवतो' असं.

दर छापायचा का, हा वाद नेहमी होतो. माझं मत: ज्या मालाचा भाव बाजाराप्रमाणे हलतो त्याचा दर या पानावर नको. काजू बीचा भाव हंगामात, आयात बीच्या आवकेनुसार, सतत वरखाली होतो. छापलेला दर महिन्यात खोटा पडतो आणि मग फोनवर पहिली पाच मिनिटं खुलासे करण्यात जातात. वेगळं दरपत्रक करा, त्यावर तारीख घाला आणि 'हा दर अमुक तारखेपर्यंत' असं लिहा. पण मालाचा दर स्थिर असेल, मासिक वर्गणीचं सॉफ्टवेअर किंवा ठरावीक सेवा असेल, तर किंमत लपवू नका. लपवली की लोक ती जास्तच असणार असं धरून चालतात.

दावे करताना

अन्नपदार्थाच्या पानावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक हवाच. खरेदीदार तो शोधतो. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर तिचाही उल्लेख करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, त्यामुळे मोठ्या कंपनीचा अकाउंट विभाग ही ओळ आवर्जून बघतो. तिथे धमकीचा सूर नको, नुसता उल्लेख पुरे.

'ऑरगॅनिक' हा शब्द प्रमाणपत्र असल्याशिवाय वापरू नका. सेंद्रिय अन्नासाठी एफएसएसएआयचे २०१७ चे नियम आहेत. एनपीओपी (केंद्राचा सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांना तपासायची पद्धत) यांपैकी एका पद्धतीनं प्रमाणन लागतं. 'मधुमेहावर गुणकारी', 'हृदयाला हितकारक' यांवरही नियम आहेत, आणि तसंही मिठाईवाल्याच्या पानावर त्यांचं काम नाही. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. पण तालुक्यात कारखाना आहे म्हणून ते आपोआप तुमचं होत नाही. त्या नावानं आणि चिन्हानं माल विकायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. बी आयात केलेली असेल तर प्रश्नच मिटला. आफ्रिकेतून आलेल्या बीचा गर वाईट असतो असं नाही, पण पानावर नारळाच्या झावळ्या छापून तो कोकणचा म्हणून खपवणं वेगळं. माहीतगार खरेदीदार दाणा चावून विचारतो, आणि तिथे एकदा खोटं पडलात की बाकीच्या खऱ्या ओळीही गेल्या.

ग्राहकाचं नाव किंवा त्याचं वाक्य वापरणार असाल तर विचारून वापरा, आणि त्याच्याच शब्दांत. 'अप्रतिम अनुभव' यापेक्षा 'पाकीट फोडलं की थेट मिक्सरला' हे चालतं.

मांडणी

इथे फार वेळ घालवू नका. कॅनव्हा, गुगल डॉक्स, वर्ड, काहीही चालेल. मजकूर युनिकोड फाँटमध्येच असू द्या. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फुकट मिळतात आणि सुबक दिसतात. प्रेसमध्ये अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करून देतात. छापून छान येतं, पण पीडीएफमधून ओळ कॉपी केली की भलतीच अक्षरं उमटतात आणि शोधही लागत नाही. ऱ्या, र्‍हस्व-दीर्घ, जोडाक्षरं छापण्यापूर्वी डोळ्यांखालून घाला, कॅनव्हासारख्या साधनात ती कधीकधी तुटतात.

फोटो एकच, पण खरा. इंटरनेटवरचा पांढऱ्या वाटीतला चकचकीत काजू नको. तो तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्याही पानावर असतो. पाकीट फोडून तुकडा स्टीलच्या परातीत पसरा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. साल राहत नाही असं म्हणताय ना, मग ते फोटोत दिसलं पाहिजे. कारखान्याच्या इमारतीचा फोटो कोणालाच नको असतो.

मजकुराची अक्षरं ११-१२ पॉइंटच्या खाली नेऊ नका. एक ठळक रंग आणि काळा, बस. मोकळी जागा दिसली की ती भरायची खाज येते, ती आवरा. क्यूआर कोड घालायचा असेल तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि छापल्यावर दोन-तीन फोनवर स्कॅन करून बघा. मग पान काळं-पांढरं झेरॉक्स करून बघा, कारण समोरचा ते पुढे पाठवताना तसंच करणार आहे.

कोणाला तरी वाचायला द्या

घरच्यांना नको, ते कौतुक करतात. ज्याला तुमचा धंदा ठाऊक नाही अशा माणसाच्या हातात पान द्या, अर्ध्या मिनिटानं काढून घ्या आणि विचारा: हे लोक काय विकतात? कोणाला? तुम्हाला हवं असेल तर काय कराल? उत्तर अडखळलं तर ओळ बदला, समजावत बसू नका. खरेदीदाराच्या टेबलावर तुम्ही समजवायला नसता. मग एखाद्या ओळखीच्या मिठाईवाल्याला दाखवा आणि त्याचा पहिला प्रश्न काय येतो ते ऐका. तो 'भाडं कोणाकडे?' असं विचारत असेल आणि उत्तर पानावर असेल, तर ते चुकीच्या जागी आहे.

पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर पान पीडीएफ म्हणून, डॉक्युमेंटमधून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. फाइलचं नाव 'फायनल-२-नवीन' असं नको. 'काजू-तुकडा-मिठाईसाठी' आणि पुढे तुमचं नाव असं ठेवा, म्हणजे दोन महिन्यांनी त्याला शोधता येईल. सोबत एकच ओळ लिहा, ज्यात त्याच्या दुकानाचा उल्लेख असेल. आणि पाठवल्यावर दोन-तीन दिवसांनी फोन करा. 'पान मिळालं का' असं विचारू नका, 'नमुना कोणत्या पत्त्यावर पाठवू' असं विचारा.

वेळही बघा. दिवाळीचं पान दिवाळीत पाठवून उपयोग नाही. मिठाईवाला गणपतीच्या आधीच पुरवठादार पक्के करायला लागतो. तेव्हा जुलैच्या मध्यापर्यंत पान त्याच्याकडे पोचलेलं हवं.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात महिना आणि वर्ष टाका. कोकणात नवी बी साधारण फेब्रुवारीपासून बाजारात येते आणि मे अखेरपर्यंत खरेदी चालते. जूनमध्ये पान पुन्हा उघडा, सालीचे आणि ओलाव्याचे आकडे ताज्या लॉटवरून तपासा, किमान ऑर्डर बदलली असेल तर दुरुस्त करा, महिना बदला. आणि जुनी पीडीएफ सेल्समनच्या फोनमधून तुमच्यासमोर डिलीट करायला लावा, नाहीतर ऐन सणात तो तीच पाठवतो.